आरोग्यसेविकांचा इतिहास तंजावरच्या मोडी दप्तरांत शोधा




आरोग्यसेवा आणि ती देणारे कर्मचारी या विषयावर पीएच.डी.नंतर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने निदान दोन अधिछात्रवृत्त्या सुरू कराव्यात आणि त्यांचे एक ठाणे तंजावरला असावे, अशी माझी मागणी आहे. आपल्या गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांच्या मानधनाच्या प्रश्नाशी तमिळनाडूतल्या तंजावरचा काय संबंध, असे कोणी विचारील. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना वाटेत ओरत्तनाडु लागते. रामेश्वरच्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. तंजावरच्या भोसले घराण्यातले सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आपली सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ तिथे छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी अन्नछत्र आणि धर्मशाळा, उभारले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले होते. तरीही १८०१ मध्ये कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून त्यांनी छत्रांची बाजू मांडली. छत्रांत कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळते. आजारी पडलेल्याला बरे होईपर्यंत औषध आणि पथ्याचे जेवण मिळते. रोग, सूज आणि सर्पविष यांवर उपचार जाणणारा वैद्य तिथे नेमलेला असतो. अनाथ मुलांना सांभाळून शिकवले जाते. गरोदर स्त्रीची काळजी घेतली जाते, आणि ती छत्रातच बाळंत झाली तर तिचा खर्च छत्र करते व तिला तीन महिने राहू देते. असे त्या पत्रातले वर्णन आहे.

मी ग्रामीण भागात आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी केली. बाळंतिणीला तीन महिने विसावा ही तजवीज वाचून मला राजांविषयी आदर वाटला, पण लगेच प्रश्नही पडला. ही काळजी घेत कोण होते? पत्रात वैद्य आहे, शिक्षक आहे. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी, तापलेल्या पोराजवळ रात्र काढणारी, रुग्णाची मळलेली वस्त्रे धुणारी माणसे त्यात नाहीत. त्यांना वेतन होते की नुसता शिधा? ती कोणत्या जातीची, मराठी की तमिळ? आजारी पडली तर त्यांना कोण पाहत असे? शिवाय हे पत्र छत्रे वाचवण्यासाठी सत्ताधीशाला लिहिलेले आहे. त्यात छत्रांची चांगली बाजूच येणार. खरा कारभार कळायचा तर हिशेबाचे कागद वाचायला हवेत.

तसे कागद शिल्लक आहेत, हे आपले भाग्य. तंजावर दरबाराची मोडी दप्तरे सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तमिळ विद्यापीठात जतन केलेली आहेत. त्या कागदांच्या आधारे के. एम. वेंकटरामय्या यांनी मराठा काळातील तंजावरचा कारभार आणि समाजजीवन यांवर १९८४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सावित्री प्रीता नायर यांच्या २०१२ च्या इंग्रजी ग्रंथाने सरफोजींचे विज्ञान आणि वैद्यकातले काम जगापुढे ठेवले. राजांची धन्वंतरी महाल ही औषधशाळा आणि त्यांच्या संग्रहातली नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे यांवर अभ्यासकांनी लिहिले आहे. राजा, वैद्य, औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्यापर्यंत संशोधन पोचले. आता सेवा करणाऱ्या हातांपर्यंत ते न्यायला हवे.

आजच्या संशोधनातही हीच उणीव दिसते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांकडून नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात प्रयोगाच्या ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरलेला दिसला. पुढे, २०११ मध्ये, हे काम देशभरातल्या आशांकडे आले. किती बाळे वाचली हे मोजायलाच हवे. पण वाचवणाऱ्या बाईची पाठ, झोप, घरखर्च आणि रात्रीचा प्रवास यांचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे का होऊ नये? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीच्या आदेशासाठी आझाद मैदानात बसावे लागले. प्रश्नावल्या घेऊन आलेले अभ्यासक मी नोकरीत पाहिले. आमच्या सेविका दुपारचे जेवण बाजूला ठेवून त्यांना उत्तरे देत. त्या अभ्यासांतून काय निघाले, हे सांगायला क्वचितच कोणी परत आले.

काहीजण म्हणतील की आजचे प्रश्न पेटलेले असताना दोनशे वर्षांपूर्वीच्या दप्तरांवर पैसा कशाला? माझे उत्तर असे की आजचा वाद मुळात जुनाच आहे. शुश्रूषा ही पगारी नोकरी मानायची की सेवाभाव, यावर सगळे अडले आहे. आशांची नेमणूकच स्वयंसेविका म्हणून झाली आणि मोबदला कामागणिक ठरला. तमिळनाडूने वेगळी वाट धरली. तिथे आशा मोजक्या दुर्गम भागांतच आहेत, आणि गावपातळीवरचा मुख्य भार सरकारी सेवेतली, प्रशिक्षित ग्राम आरोग्य परिचारिका वाहते. पण त्याच राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये घरी जाऊन उपचार पोचवणारी योजना काढली, तेव्हा तिच्यातही महिला स्वयंसेविका आल्याच. म्हणजे हा पेच दोन्ही राज्यांत आहे. एकाच प्रदेशात छत्राच्या काळापासून आजपर्यंत शुश्रूषेचे मोल कसे ठरत गेले, हे तंजावरातले कागद आणि ओरत्तनाडुतली माणसे दोन्ही तपासून पाहता येईल. अशी संधी दुसरीकडे सहज मिळणार नाही.

हे काम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यावर टाकू नये. मोडी वाचणे, तमिळ समजणे आणि आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणे ही तीन कौशल्ये पदवीच्या मुदतीत एकदम येत नाहीत. ज्याने एका विषयात पदवी मिळवली आहे त्याला उरलेली दोन शिकायला वेळ आणि निर्धास्त पोटपाणी द्यावे. पीएच.डी.नंतरची वृत्ती यासाठीच असते.

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि तंजावरचे तमिळ विद्यापीठ यांनी या वृत्त्या मिळून चालवाव्यात. मुदत किमान तीन वर्षे असावी. अभ्यासकाने दप्तरखान्याइतकाच वेळ ओरत्तनाडुतल्या आणि महाराष्ट्रातल्या आरोग्यसेविकांसोबत घालवावा. मुलाखतीसाठी सेविकेचा जो वेळ जाईल त्याचे पैसे तिला संशोधनाच्या निधीतून मिळावेत. निष्कर्ष मराठीत आणि तमिळमध्ये छापून आधी त्याच सेविकांच्या बैठकीत वाचून दाखवावेत, त्यांच्या हरकती नोंदवाव्यात आणि मगच ते नियतकालिकांकडे पाठवावेत.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने समारंभ झाले, त्याचा आनंदच आहे. मात्र मोडी जाणणारे कमी होत चालले आहेत आणि कागदालाही आयुष्य असते. येत्या अर्थसंकल्पात आरोग्य आणि मराठी भाषा या दोन्ही विभागांनी मिळून या दोन जागांची तरतूद करावी. सरकारच्या खर्चात ही रक्कम नगण्य ठरेल. आशांच्या मानधनावर निर्णय घेणाऱ्यांपुढे मात्र प्रथमच त्या कामाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब येईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका