झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्याने लग्नाच्या व्यवहारात आणून बसविली, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मला त्याच्याशी भांडायचे आहे.

माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, तळहाताएवढे कोड आहे. लग्न ठरले तेव्हा मामांनी बजावले, ‘सदऱ्याखाली दिसतंय कुणाला? उगाच बोलू नकोस.’ मी बोललो नाही. वैशाखात लग्न झाले आणि त्या उकाड्यातही मी अंगातला बनियन काढला नाही. दिवा मालवल्याखेरीज कपडे बदलले नाहीत. मग आला दिवाळसण! पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल लावायचे. सासुरवाडीला पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तेल कोमट केले. आणि जावईबापू सर्दीचे सोंग घेऊन पांघरुणात!

रात्री अखेर सांगितले. डागाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ‘म्हणजे सहा महिने तुम्ही मला परकी समजत होतात,’ एवढेच म्हणाली. भाऊबीज उलटली तरी अबोला सुटला नाही, आणि तो सुटू नये हेच योग्य होते.

आधी सांगितले असते तर लग्न मोडले असते, असे म्हणता? मोडू द्यायचे होते! कोड म्हणजे काय, तर शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते स्पर्शाने होत नाही. पण आपण त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणून महारोगाच्या पंगतीला बसविले. आता तर महारोगही औषधांनी बरा होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचे कारण होता. २०१९ मध्ये तेही वगळले गेले. कायद्याला कळले, मामांना नाही.

मात्र एक कबूल करतो. मी पुरुष, नोकरी कायमची. खरे बोलून माझे फारसे काही जाणार नव्हते. हाच डाग एखाद्या मुलीच्या पाठीवर असता तर दहा घरांतून नकार आला असता. तिने लपविले तर मी तिला बोल लावणार नाही. बोल लावायचा तो बघायला जाणाऱ्यांना. चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा आमच्यातल्याच कुणीतरी हळूच विचारले, ‘अंगावर डागबिग नाही ना?’ मुलीच्या आईचा चेहरा उतरला. माझा सदरा पाठीला चिकटला होता, आणि मी खाली मान घालून पोहे खात होतो.