“सिस्टिम घेत नाही” म्हणजे नेमके कोण घेत नाही?

सोनपेठ तालुक्यातला बौद्ध, मातंग, चर्मकार विद्यार्थी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या लॉगिनला. मध्येच तो परत येतो. कारण विचारले की टेबलामागून ठरलेले उत्तर मिळते, “सिस्टिम घेत नाही.”

आम्ही विचारतो, काय घ्यायचे आणि काय नाही हे सिस्टिमला कुणी सांगितले? सॉफ्टवेअर आभाळातून पडत नाही. त्यातला प्रत्येक नियम कुणीतरी ठरवलेला असतो. पण ठरवणारा मुंबईत, बनवणारा कंत्राटदार आणि शिव्या खाणारा कॉलेजचा कारकून. मग जबाबदार कोण? कुणीच नाही!

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, घटनेचे रूप न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलूनही घटना विकृत करता येते. आज प्रशासनाचे रूप म्हणजे ही सिस्टिम. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तो हक्क कुणी रद्द केलेला नाही. तो फक्त स्क्रीनवर अडतो.

आमचा संगणकाला विरोध नाही. कागदी कारभारात संस्थाचालकांनी बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटली. चौकशीसाठी सरकारला विशेष पथक नेमावे लागले. थेट खात्यात पैसा हवाच. पण चोर पकडायला बसवलेले कुलूप घरमालकालाच बाहेर ठेवत असेल, तर किल्ली कुणाकडे आहे हे विचारावेच लागेल.

किल्ली म्हणजे माहिती. डीबीटीचा पैसा आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातो. हे माहीत नसलेले पोरगे पासबुक घेऊन एका बँकेत उभे आणि पैसा दुसऱ्याच खात्यात! आधारला जोडलेला मोबाईल बापाजवळ, बाप ऊसतोडीला फडात, ओटीपी तिकडे. हे अनुभवी कारकुनाला ठाऊक असते, ऑनलाईन सेंटरवाल्यालाही असते. पण ते कार्यालयाच्या दप्तरात लिहून ठेवले नाही, तर कारकुनाची बदली झाली की ज्ञानही त्याच्यासोबत जाते. ज्ञान मोजक्यांच्या तोंडी ठेवायचे आणि बाकीच्यांना दारात उभे करायचे, ही रीत या देशाला नवी नाही!

मोठमोठ्या कंपन्या ज्याला ‘आयटी गव्हर्नन्स’ म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच : निर्णय कुणाचा, उत्तर कुणी द्यायचे आणि अनुभवातून शिकून सिस्टिम कुणी दुरुस्त करायची, हे आधीच ठरलेले असणे. २००८ साली निघालेल्या आयएसओ ३८५०० या आंतरराष्ट्रीय मानकाचे तेव्हाचे पहिले तत्त्वच जबाबदारी हे होते. कंपनीला जे लागते, ते गरिबाच्या हक्काला नको?

कायदाही आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की दप्तर सूचीबद्ध करून संगणकावर आणा आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण द्या. राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्यात, २०१५, मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. राजस्थानने २०१९ साली जनसूचना पोर्टल काढून योजनांची माहिती लोकांसाठी खुली केली. महाराष्ट्राला कुणी अडवले आहे?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. परत पाठवलेल्या प्रत्येक अर्जावर मराठीत स्पष्ट कारण आणि अधिकाऱ्याचे पदनाम असावे. अर्ज कोणत्या लॉगिनला किती दिवस पडून आहे, याची महाविद्यालयनिहाय यादी विद्यार्थ्यांची नावे वगळून जाहीर व्हावी. वारंवार येणाऱ्या अडचणी आणि त्यांची उत्तरे लिहून तहसील, पंचायत समिती व प्रत्येक महाविद्यालयात लावावीत. आणि सिस्टिममध्ये बदल करताना सोनपेठसारख्या तालुक्यांचे म्हणणे आधी ऐकावे.

मित्रांनो, यापुढे कुणी “सिस्टिम घेत नाही” म्हणाले, तर तेच वाक्य लेखी मागा, तारखेसह आणि सहीसह. मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, एकट्याने नव्हे, गावागावातून. सिस्टिमला सही करता येत नाही. सही माणसाची असते आणि जाब माणसालाच विचारायचा असतो.

जय भीम! जय संविधान!