फोटोतल्या माणसांचं म्हणणंही छापा

वृत्तपत्रांच्या आणि वृत्तसंकेतस्थळांच्या छायाचित्र विभागातील संपादकांस,



सप्टेंबर उजाडला की थॉमस होपकर यांचं ते छायाचित्र कुठे ना कुठे पुन्हा छापलं जातं. ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गचा किनारा, लख्ख ऊन, गप्पा मारत बसलेली पाच तरुण माणसं, जवळ एक सायकल. त्यांच्या पाठीमागे ईस्ट नदी आणि पलीकडे मॅनहॅटनच्या टोकाकडून उठलेला धुराचा अवाढव्य लोट. तारीख ११ सप्टेंबर २००१, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याचा दिवस. खालची ओळ कुणीही लिहिली तरी तिचा रोख ठरलेला असतो: तिकडे माणसं मरत होती आणि ही मंडळी ऊन खात बसली होती. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

छायाचित्राबद्दल माझी तक्रार नाही. ते थोर छायाचित्र आहे, आणि ते दडपून ठेवावं असं मी कधीही म्हणणार नाही. होपकर यांच्याबद्दलही आदर आहे. मॅग्नम या नामांकित संस्थेचे ते सदस्य होते. त्या सकाळी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचता येईना, म्हणून गाडीने क्वीन्स आणि ब्रुकलिनमधून वाट काढत ते निघाले. वाटेत हे दृश्य दिसलं, ते उतरले, काही फ्रेम घेतल्या आणि पुढे गेले. त्या पाच जणांशी ते बोलले नाहीत. घरी येऊन फोटो निवडताना मात्र हा फोटो त्यांनी बाजूला ठेवला. यातून चुकीचा अर्थ निघेल, आपण अनुभवलेला तो दिवस यात नाही, असं त्यांना वाटलं. मॅग्नमने त्या घटनेवर लगोलग काढलेल्या पुस्तकात तो नाही. स्वतःच्याच इतक्या देखण्या फोटोवर असा संशय घेणारा छायाचित्रकार मला फार मोठा वाटतो. त्यांची ती शंका तुमच्या फोटोओळीत का उतरत नाही, हे मला समजत नाही.

२००६ मध्ये डेव्हिड फ्रेंड यांच्या पुस्तकातून तो फोटो सर्वांसमोर आला. न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक फ्रँक रिच यांनी त्यावर लिहिलं, की ही मुलं निर्दय असतीलच असं नाही, ती फक्त अमेरिकन आहेत. हा देश घडलेलं मागे टाकून लगेच पुढे निघतो. एका देशाच्या स्वभावाचा निवाडा पाच अनोळखी माणसांच्या बसण्यावरून झाला. त्या पाचांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्यापैकी दोघांनी मग उत्तर दिलं. स्लेट या नियतकालिकाने ते छापलं. त्यातल्या एकाने सांगितलं, की आम्ही सगळे प्रचंड धक्क्यात होतो, आणि नुकतंच जे घडलं त्याबद्दलच तावातावाने बोलत होतो. छायाचित्रकार पन्नास फूट चालून आमच्यापर्यंत आला असता तर त्याला ते ऐकू आलं असतं. ‘तावातावाने’ हा माझा शब्द आहे, पण फोटो पुन्हा नीट बघा. ती माणसं एकमेकांकडे वळून बसली आहेत. अनोळखी माणसंसुद्धा त्या दिवशी अशीच एकमेकांजवळ बसली होती.

आणि त्यांनी करायचं तरी काय होतं? दोन्ही मनोरे सकाळी साडेदहाच्या आत कोसळले होते. मधे नदी होती. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी रक्त द्यायला लोकांच्या रांगा लागल्या, पण रक्ताची गरज असलेले जखमी फारसे आलेच नाहीत, कारण जे बाहेर पडू शकले नाहीत, त्यातले बहुतेक आतच मरण पावले होते. ज्याला धावून जायला जागा नाही, तो माणूस बसतो. शेजारच्याशी बोलतो. मयताच्या घरी दाराबाहेर थांबलेल्या माणसांचा कुणी दुरून फोटो काढला, तर तोही गप्पांच्या अड्ड्यासारखाच दिसेल.

आम्हा मुंबईकरांना हे कळायला हवं. रिच यांचा लेख येण्याच्या दोनच महिने आधी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर लोक पुन्हा गाडीत उभे होते. त्यांच्या शांत चेहऱ्यांना आपण नाव दिलं ‘मुंबईचं स्पिरिट’. त्या डब्यातल्या कित्येकांच्या पोटात गोळा होता, आणि खाडा झाला तर पगार कापला जाणार होता. त्यांनाही कुणी विचारलं नाही. एकीकडच्या शांततेचं शौर्य झालं, दुसरीकडच्या शांततेचा बेपर्वाईचा पुरावा. दोन्ही ठिकाणी चेहरे तसेच होते आणि अर्थ छापणाऱ्याने लावला होता. कौतुक झालं म्हणून आपण हरकत घेतली नाही एवढंच.

माझी मागणी एकच आहे. हे छायाचित्र जिथे छापाल तिथे त्या दोघांचं उत्तर दोन ओळींत, फोटोला लागूनच द्या. आतल्या पानावर किंवा ‘अधिक वाचा’च्या मागे नको. होपकर यांनी तो फोटो बाजूला का ठेवला होता, हेही लिहा. ते जुलै २०२४ मध्ये गेले, त्यांना आता स्वतः सांगता येणार नाही. आणि हा नियम एवढ्या एकाच फोटोपुरता ठेवू नका. अपघाताच्या, पुराच्या, आगीच्या ठिकाणी नुसती उभी असलेली माणसं तुमच्याकडे रोज येतात. ‘बघ्यांची गर्दी’ असं लिहिण्याआधी वार्ताहराला एक फोन करा: त्यातल्या कुणाशी बोललास का? बोलला नसेल, तर फोटोखाली जागा, तारीख आणि वेळ एवढंच छापा.

आपली,
एक वाचक, मुंबई