भोक पाहणारे आणि बोट पाहणारे

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली भारताला सहा पदके मिळाली, त्यांतली तीन नेमबाजीची. दोन मनू भाकरची, एअर पिस्तुलातली, त्यांतले एक सरबज्योत सिंगच्या जोडीने. आणि तिसरे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे, रायफलमधले. पदके आली की रेंजवर नवी माणसे येतात, ते साहजिकच आहे. कोणी मुलीला घेऊन येते, कोणी चाळिशीत स्वतःच शिकायचे मनावर घेऊन येते. दोघांचाही पहिला प्रश्न एकच: इथून कोण कोण पुढे गेले? उत्तर भिंतीवर फ्रेम करून टांगलेले असते. माझ्या मते पिस्तूल हातात धरू पाहणाऱ्या नवख्याला या प्रश्नाचा जवळजवळ काही उपयोग नाही. त्यापेक्षा एखादा तास मागच्या बाकावर गप्प बसावे आणि प्रशिक्षकाचे डोळे कुठे आहेत ते बघावे. ते टार्गेटवर किंवा शेजारच्या स्क्रीनवर खिळलेले असतील, तर चहा पिऊन निघावे. नेमबाजाच्या बोटावर, मनगटावर आणि छर्रा सुटून गेल्यानंतरच्या दीड-दोन सेकंदांवर असतील, तर भिंत कोरी असली तरी तिथे नाव घालावे.

हे म्हणणे कोणाला विक्षिप्त वाटेल, म्हणून आधी थोडा हिशेब मांडतो. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि त्याची कड वर्तुळाला शिवली तरी वरचा गुण मिळतो. आता समजा, हात डगमगला आणि पिस्तूल आहे त्या सरळ रेषेत, न वळता, पाच मिलिमीटर उजवीकडे सरकले. टार्गेटवरचे भोकही पाचच मिलिमीटर सरकेल. गुण दहाच. याउलट हात अगदी स्थिर आहे, पण ट्रिगर ओढताना मनगट जरासे वळले आणि पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली. दोन्ही साइटमधले अंतर साधारण सव्वातीनशे मिलिमीटर, टार्गेट दहा हजार मिलिमीटरवर. म्हणजे चूक तीसपट मोठी होऊन पोचते आणि छर्रा सातच्या वर्तुळात जातो. नवखा माणूस ज्या थरथरीला घाबरतो ती त्याचे फारसे नुकसान करत नाही. जी गोष्ट त्याच्या लक्षातही येत नाही ती तीन गुण घेऊन जाते.

हा हिशेब माहीत असलेला प्रशिक्षक कधी ‘हात हलवू नकोस’ असे ओरडणार नाही. सरळ केलेला हात, त्याच्या टोकाला किलोभर वजनाचे पिस्तूल, नियमाप्रमाणे दुसऱ्या हाताचा आधार नाही; हात हलणारच, ऑलिम्पिकमधल्या खेळाडूचाही हलतो. ‘हलू नकोस’ म्हटले की शिकणारा वाट बघत बसतो, आणि टार्गेट क्षणभर बरोबर दिसले की झटक्याने ट्रिगर ओढून मोकळा होतो. म्हणजे नेमकी चूक शिकवली गेली. चांगला माणूस उलटे सांगतो: हलू दे, बोट सावकाश सरळ मागे येऊ दे, डोळा पुढच्या साइटवर ठेव. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघता येते. साइट हातभर अंतरावर, टार्गेट दहा मीटरवर, त्यामुळे साइट कोरीव दिसायची तर टार्गेट धूसर दिसायलाच हवे. नवख्याला हे सोसवत नाही, कारण गुण तिकडे आहेत, नजरही तिकडेच धावते. अशा वेळी मागे उभा असलेला मनुष्य प्रत्येक छर्र्यानंतर ‘आठ’, ‘नऊ’, ‘अरे सहा?’ असे पुकारत असेल, तर तो शिकणाऱ्याची नजर आपल्या हातांनी उचलून चुकीच्या जागी ठेवतो आहे. तापमापकात एकशे दोन दिसले म्हणून ताप कशाचा आहे ते कळत नाही. सहाच्या वर्तुळातल्या भोकाचेही तसेच. ‘खाली डावीकडे गेला म्हणजे ट्रिगरला झटका’ असे सांगणारे तक्ते काही ठिकाणी लावलेले असतात. ज्याचे दहा छर्रे एका जागी पडतात त्याला ते थोडेफार उपयोगी. ज्याचे टार्गेटभर विखुरलेत त्याला त्यात हवे ते कारण सापडते.

बोट पाहणारा प्रशिक्षक कसा ओळखावा, तर त्याच्याकडे पहिले काही आठवडे छर्रे फार कमी संपतात. कोणत्याही शस्त्राला हात लावू देण्याआधी तो नळीतून आरपार जाणारी रंगीत दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, कधी घालायची आणि कधी काढायची हे पाठ करून घेतो. इथे जो हसून चालवून घेतो त्याच्याकडे पुढचे काही बघायची गरज नाही. मग तो दोन्ही तळव्यांची खिडकी करून समोरचा दिवा बघायला लावतो आणि कोणता डोळा प्रबळ आहे ते तपासतो, कारण उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल तर पुढचे सगळे बदलते. मग ग्रिप. मॅच पिस्तुलाची लाकडी ग्रिप ठराविक मापांत येते आणि माणसाचा पंजा मापात येत नाही. हा गृहस्थ कानशीस आणि लाकडाची लांबी घेऊन बसतो, कुठे थोडे घासतो, कुठे थोडे भरतो, ‘डोळे मिटून हात वर घे, आता उघड’ म्हणतो आणि साइट आपोआप सरळ आली की नाही ते पुन्हा पुन्हा बघतो. यात अख्खी दुपार जाते आणि एकही गुण मिळत नाही. नंतर तो टार्गेटचा कागद उलटा लावतो, काळा गोल नाहीच, नुसता पांढरा कागद, आणि त्यावर शॉट मारायला सांगतो. नेम धरायला काही नसले की नजर मुकाट्याने साइटवर येते आणि छर्रे एकमेकांच्या जवळ पडू लागतात. मला सर्वांत आवडणारा प्रकार वेगळाच आहे. पिस्तूल प्रशिक्षक स्वतः भरून हातात देतो, पण छर्रा घातला की नाही ते सांगत नाही. शिकणारा ट्रिगर ओढतो, आत काहीच नसते, आणि पिस्तुलाचे तोंड खाली डुचकळलेले दोघांनाही दिसते. ‘मी झटका देत नाही’ हे म्हणणे तिथे संपते. टार्गेटकडे बघून हे कोणालाच कधी कळले नसते.

यावर पहिला आक्षेप तयारच आहे: मग मोठ्या खेळाडूंकडे शिकून काहीच मिळत नाही का? जसपाल राणांनी १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये सुवर्ण मिळवले, २००६ च्या दोहा एशियाडमध्ये तीन. पुढे ज्युनिअर संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या हाताखाली मनू भाकर, सौरभ चौधरी, अनिश भानवाला ही फळी तयार झाली. आपल्या राही सरनोबतने जर्मनीच्या मुंखबयार दोर्जसुरेन यांच्याकडे शिकून २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले, आणि त्या स्वतः दोनदा ऑलिम्पिकच्या कांस्यपदक विजेत्या: १९९२ मध्ये मंगोलियाकडून, २००८ मध्ये जर्मनीकडून. पदकवाला चांगला शिकवत नाही असा माझा दावा नाही. पण ही उदाहरणे नीट बघा. राही त्यांच्याकडे गेली तेव्हा २०१३ च्या चांगवान विश्वचषकाचे सुवर्ण तिच्या नावावर जमा होते. तिला हवे होते ते चुकलेले काटे जुळवणारे कोणी, आणि कोणापाशी जायचे हे ठरवण्याइतकी जाण तिला स्वतःला होती. नवख्याला ती नसते. शिवाय उत्तम नेमबाजाचे शरीर जे करते ते त्याला शब्दांत सांगता येईलच असे नाही. वीस वर्षांच्या सरावाने त्याचे बोट आपोआप चालते, आणि आपोआप चालणारी गोष्ट समजावून सांगणे सर्वांत अवघड. ज्याला ते जमते तो पदकामुळे जमवत नाही, दुसऱ्याच्या हाताकडे बघण्याची सवय लावून घेतल्यामुळे जमवतो. आणि भिंतीवरच्या फोटोंचे म्हणाल, तर शंभर मुले आली, दोन चमकली, तर फोटो दोघांचे लागतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे काय झाले हे त्या भिंतीला विचारता येत नाही, आणि तुम्ही त्या अठ्ठ्याण्णवांत असण्याचीच शक्यता जास्त.

प्रमाणपत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रशिक्षक परवाने असतात, सुरुवातीच्या पायरीपासून वरपर्यंत. ज्याच्याकडे तो आहे त्याने निदान अभ्यासक्रम पाहिला आहे एवढे नक्की. यंत्रांचे मात्र मान्य करायला हवे. पिस्तुलावर छोटा सेन्सर बसवून नळी शेवटच्या सेकंदात कुठून कुठे फिरली याची रेघ पडद्यावर काढणारी स्कॅटसारखी साधने खरोखर बोट दाखवतात, भोक नाही. ती रेघ वाचून सांगणारा कोणी असेल तर उत्तमच. पण बहुतेक ठिकाणी पडदा असतो तो इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा. त्यावर गुण दशांशापर्यंत दिसतात आणि कारण अजिबात दिसत नाही. उलट कागदी टार्गेट ओढून आणण्यात जी उसंत मिळायची तीही गेली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुण्यात बालेवाडी आहे, मुंबईत वरळी आहे, पनवेलला सुमा शिरूर यांचा क्लब आहे. तिथले लोक चार दारे हिंडून निवडतील. परभणीच्या किंवा सिंधुदुर्गच्या माणसाने डोळे कुठे आहेत ते बघत कुठे हिंडायचे? याचे उत्तर या खेळाच्या स्वरूपातच आहे. पिस्तुलातली निम्म्याहून जास्त मेहनत छर्र्याशिवाय होते. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलहून जास्त ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. परवान्याची भानगड पॉइंट टू-टूपासून सुरू होते. मॅच पिस्तुलात कोरडा सराव करण्याची सोय असतेच. घरातल्या पांढऱ्या भिंतीसमोर, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, रोज वीस मिनिटे साइट आणि ट्रिगर एवढेच करता येते. सौरभ चौधरी मेरठ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. त्याची सुरुवात बागपतमधल्या बिनौलीच्या छोट्या अकादमीत झाली, आणि २०१८ मध्ये सोळाव्या वर्षी तो एशियाडचा विजेता होता. गावात रोज येणारा सामान्य प्रशिक्षक आणि महिन्यातून एकदा गाठता येणारा चांगला, यांत मी दुसरा निवडेन. कारण चुकीचे बोट रोज घोटून घेतले तर ते पक्के होते, आणि पक्के झालेले सोडवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन भेटींच्या मध्ये वही ठेवावी, आणि तिच्यात गुण लिहू नयेत. शॉट सुटताना साइट कशी दिसली ते लिहावे. प्रशिक्षकाने आल्याबरोबर ती वही मागितली तर त्याला आणखी एक गुण द्यावा.

तिसरी तक्रार पालकांची: अशा शिकवणीत मूल कंटाळते, आणि स्पर्धा तर तोंडावर असते. जिल्हा, राज्य, मग मावळणकर, मग राष्ट्रीय अशी शिडी समोर दिसत असते. (ज्यांच्या नावाची ही स्पर्धा ते ग. वा. मावळणकर लोकसभेचे पहिले सभापती, मूळ कोकणातल्या मावळंग्याचे आणि राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्ष; हे आपल्याकडच्या फार थोड्या रेंजवर सांगितले जाते.) मूल कंटाळते हे खरे आहे. म्हणूनच कोरड्या सरावाचा खेळ करता येणे ही प्रशिक्षकाची कसोटी आहे, त्याला फाटा देणे ही नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला किलोभर वजन साठ शॉट पेलत नाही. त्याला स्टँडचा आधार देऊन फक्त ट्रिगर शिकवणारा माणूस मुलाला मागे ठेवत नाही, त्याचा खांदा वाचवतो. तीन महिन्यांत राज्य स्पर्धेत उतरवतो म्हणणाऱ्याकडून मात्र पाकीट सांभाळावे, विशेषतः त्याच दमात तो दीड-दोन लाखांचे परदेशी पिस्तूलही सुचवत असेल तर. नवख्याने वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर शिकायला काहीच हरकत नाही. ग्रिप हाताला बसलेली असली आणि ट्रिगर नियमातल्या किमान पाचशे ग्रॅमवर नीट लावलेला असला, की स्वस्त आणि महाग पिस्तुलातला फरक त्याच्या हाताला अजून कळणारच नाही.

आणि एकदा निवडला म्हणजे जन्माचा गुरू झाला असे मानायचे कारण नाही. आपल्याकडे प्रशिक्षक बदलणे म्हणजे घर फोडल्यासारखे समजतात. मनू भाकर आणि जसपाल राणा टोकियोआधी वेगळे झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा एकत्र आले; दोन्ही वेळा गवगवा वेगळे होण्याचा आणि जुळण्याचाच जास्त झाला, शिकवण्यात काय बदलले याची चर्चा कुठे दिसली नाही. सहाशेपैकी पाचशेवीसपर्यंत नेणारा प्रशिक्षक पाचशेसत्तरला पुरेलच असे नाही. तिथे प्रश्न मनाचे, स्पर्धेतल्या पंचाहत्तर मिनिटांच्या नियोजनाचे आणि अंतिम फेरीच्या दडपणाचे होतात. काही प्रशिक्षक स्वतःहून म्हणतात की आता याला पुढच्या माणसाकडे न्या, आणि पत्ताही देतात. अशांची फी भिंतीवर फोटो लावणाऱ्यांपेक्षा बहुधा कमीच असते.