कपाटातला पाहुणा

आमच्या पामच्या घरी चिरंजिवांनी एकेक भाग निवडून, स्वतःच्या हाताने भलादांडगा संगणक जुळवला. खारी हवा लागू नये म्हणून मी तो कपाटात ठेवला. वर सौभाग्यवतींनी विणलेले आच्छादन घातले. लाडच म्हणा ना!

गणपतीनंतर हा शहाणा अर्ध्या तासातच डोळे मिटू लागला. चिरंजिवांचा परीक्षेचा प्रकल्प अडला. "रात्रंदिवस खेळ खेळलास, दुसरे काय होणार?" मी खडसावले. पोरगा गप्प. दुकानदाराने नवे ग्राफिक्स कार्ड सुचवले. मी पैसेही काढले.

"बाबा, आधी तापमान पाहू या," तो हळूच म्हणाला. पडद्यावर आकडा चढू लागला: ८०, ९०, ९८! शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र आपणहून बंद होते. ते रुसत नव्हते, जीव वाचवीत होते.

तार काढून पेटी उघडली. पंख्यावर धुळीची गोधडी! ती ब्रशाने झाडली. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. आकडा सत्तरीत स्थिरावला.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तिथे वाफेचे पुन्हा पाणी करायला समुद्राचे पाणी लागते, हे मी येईल त्या पाहुण्याला ऐटीत सांगतो. आणि घरच्या यंत्राचा वारा मीच कोंडला होता!

पैसे कपाटात परत गेले, पेटी बाहेर आली. चिरंजिवांची माफी तेवढी तोंडाने मागवत नाही. हा अंक त्याच्या उशाशी ठेवणार आहे.