सील बदलले, तरी तेल येतेच

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून फिरून आलेल्या गाड्यांची तक्रार बहुतेक एकच असते: "पुढचा शॉकअप गेला." माझ्या मामेभावाचाही परवा फोन आला. "दादा, ऑइल सील दोनदा बदलले, परत तेल येतंय. आता अख्खा फोर्कच बदला म्हणतात."

आपल्याकडे निव्वळ डर्ट बाइक विरळाच. त्याची एक्सपल्स २०० आहे. पुढचा फोर्क पाइप ३७ मिलिमीटरचा, ट्रॅव्हल १९० मिलिमीटर. इतका लांब पाइप लाल चिखलातून खालीवर होणार, म्हणजे सीलच्या ओठाखाली एखादा कण अडकायचाच. तिथून तेल झिरपते. सील फाटलेले असतेच असे नाही.

म्हणून खर्चाआधी अर्धा तास द्या. पाइप पुसून वरचे डस्ट सील अलगद वर सरकवा. कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी पाइप आणि ऑइल सील यांच्यामध्ये घालून गोल फिरवा आणि वर ओढा. काळी घाण बाहेर येईल. (निगेटिव्ह घेताना आईला विचारा. लग्नाच्या अल्बमची निघाली तर फोर्कपेक्षा महाग पडेल.) मग पाइपवरून नख फिरवा. दगड लागून क्रोमवर टोचा उठला असेल, तर तो प्रत्येक खड्ड्यात सील कापतो. मामेभावाच्या गाडीत हेच निघाले. दोन्ही वेळा सील बदलणाऱ्याने पाइपला हात लावून पाहिलाच नव्हता. बारीक टोचा पाण्यातल्या बारीक पॉलिश पेपरने बसवता येतो. क्रोम सुटून गंज खोल गेला असेल तर पाइपच बदलावा लागतो.

यात चालढकल का नको, तेही सांगतो. डिस्कच्या बाजूच्या पायातून गळणारे तेल खाली डिस्क पॅडवर जाते. चोर्ल्याच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि तो धरलाच नाही, तर तिथे गॅरेजवाला भेटत नाही. तेल प्यायलेले पॅड घासून-पुसून वापरू नका, नवे घाला. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. तोवर गाडी घरीच.

बाकी तक्रारींत तर फोर्कचा दोषही नसतो. ब्रेक मारताना "टक्" आवाज येतो? पुढचे चाक उचलून फोर्क खालून धरा, पुढे-मागे हलवा. हेलकावा जाणवला तर कोनसेट पाहा. पंक्चर काढल्यापासून फोर्क अडखळतो? दोन्ही पाय एकमेकांना ओढत असतील. एक्सल आवळा, पिंच बोल्ट ढिला ठेवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ-दहा वेळा दाबा, मग बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. गाडी पडल्यावर हँडल वाकडे वाटले तरी पाइप वाकलाच असे धरू नका. पुष्कळदा तो क्लॅम्पमध्ये फक्त पिळलेला असतो.

फोर्क तळाला आपटत असेल, तर पाइपला प्लॅस्टिकची झिप टाय बांधा. पुढचे चाक उचलून फोर्क पूर्ण लांब असताना झिप टाय सीलला टेकवा, मग चाक खाली ठेवून एकाला गाडी सरळ धरायला सांगा आणि हेल्मेट-बुटांसह अलगद बसून उतरा. ती साधारण ५० ते ६५ मिलिमीटर सरकली तर स्प्रिंग ठीक. त्याहून फार जास्त सरकली तर स्प्रिंग थकली आहे, किंवा आपले वजन वाढले आहे. नुसते जाड तेल घालून हे सुटत नाही. जाड तेलाने फोर्क सावकाश हलतो, स्प्रिंग कडक होत नाही. तेल बदलताना लेव्हल मात्र दोन्ही पायांत सारखी हवी, आणि ती मोजायची स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून.

एक वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर चालवून बघा. आमच्या ऑफिसातही चार बदल एकदम करणारा माणूस रात्री उशिरापर्यंत थांबतो.

पुढच्या अंकात मागचा मोनोशॉक. कोणाचा कर्कश वाजत असेल तर आधी लिंकेजला ग्रीस लावून बघा आणि कळवा.