ओंडके, बंधारे आणि विजेचा हिशेब

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचे पाणी ज्याच्या शिवारांना लागते, त्या शिरोळ तालुक्याला महापुराचा परिचय नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही. नृसिंहवाडीच्या संगमावर पाणी चढून दत्तमंदिरातील पादुकांवरून दक्षिणेच्या द्वाराने बाहेर पडू लागले, म्हणजे तो पर्वकाळ मानून येथील भाविक त्यात स्नान करतो; आणि २००५, २०१९ व २०२१ या तीन साली त्याच पाण्याने त्याच भाविकाला जनावरे व भांडीकुंडी घेऊन घराबाहेर पडावयास लावले, हेही त्याच्या स्मरणात आहे. पुराच्या पातळीविषयी, अलमट्टी धरणाच्या साठ्याविषयी आणि पंचनाम्यांतील दिरंगाईविषयी आजवर विपुल लिहिले गेले, व ते लिहिले जाणे अगत्याचेच होते. परंतु पाणी ओसरल्यावर बंधाऱ्यांच्या खांबांत, पुलांच्या कमानींत आणि पाणंदींच्या तोंडाशी जे उन्मळलेले वृक्ष आडवे पडून राहतात, त्यांच्याविषयी, आणि ते ओढून काढणाऱ्या माणसांविषयी, आपण फारसे बोलत नाही.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रभर मिरविणारी रचना आहे, आणि तिचे मर्म असे की ती पुराला अडवीत नाही. नदीच्या पात्रात ओळीने खांब उभे करावयाचे, खांबांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बर्गे बसवून पाणी साठवावयाचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बर्गे काढून पात्र मोकळे करावयाचे, हा तिचा वार्षिक शिरस्ता. पंचगंगेवरील शिरोळ व तेरवाडचे बंधारे असोत वा कृष्णेवरील महाराष्ट्राच्या हद्दीतला शेवटचा राजापूर बंधारा असो, पुराचे पाणी खांबांच्या मधून वाहून जावे या गृहीतावरच तालुक्यातील या बांधकामांची सुरक्षितता अवलंबून आहे. दोन खांबांमध्ये एखादा बाभळीचा किंवा चिंचेचा बुंधा फांद्यांसह आडवा बसला, त्याला जलपर्णीचे थर येऊन बिलगले आणि त्यावर वाहून आलेला उसाचा पाला साचला, म्हणजे ते गृहीतच कोसळते. मग अडलेले पाणी बाजूने वाट शोधते, काठाची माती खाऊ लागते, आणि ज्याची जमीन त्या काठाला लागून आहे त्या शेतकऱ्याला आपली गुंठेवारी नदीत उतरताना पाहावी लागते.

हा अडथळा दूर करण्याचे काम आजही पुष्कळ ठिकाणी दोरखंड, पहार, कुऱ्हाड आणि माणसाचे खांदे यांवरच चालते. पोकलेन किंवा क्रेन मागविता येते हे खरे. पण पुरानंतरच्या दिवसांत अशा यंत्राला दहा ठिकाणांहून मागणी असते, बंधाऱ्याचा अरुंद माथा त्याचा भार सोसत नाही, आणि नदीकाठची भिजलेली काळी जमीन त्याला पोटापर्यंत गिळते. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याचा प्रघातही सर्वत्र आहे. मात्र दोर मागच्या धुऱ्याच्या वर बांधला गेला आणि ओंडका हलला नाही, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलथतो, हा धोका जाणते चालक ओळखतात व अननुभवी पोरे ओळखत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, रुंद टायरांचे, मोटारसायकलीप्रमाणे हँडल असलेले व सुमारे साडेतीनशे किलो वजनाचे जे छोटे चारचाकी वाहन एटीव्ही या नावाने ओळखले जाते, त्यावर विजेवर चालणारी विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र, बसवून असा एक संच तालुक्यातील प्रमुख बंधाऱ्यांच्या दिमतीस कायमचा ठेवण्यात यावा. परंतु तो खरेदी करण्यापूर्वी त्याला लागणाऱ्या विजेचा हिशेब चोख मांडण्यात यावा. सार्वजनिक खरेदीत यंत्र येते, हार घालून त्याचे पूजन होते, आणि त्याच्या शक्तीची तरतूद कोणीच न केल्यामुळे पहिल्याच कसोटीला ते निरुपयोगी ठरते. या संचाच्या बाबतीत तसे होण्याचा संभव फार मोठा आहे.

तो संभव कसा, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. सुमारे अकराशे किलो ओढीची छोटी विंच १२ व्होल्टवर चालते, आणि ओझे वाढेल तसा तिच्या मोटारीचा वेग घटून विद्युत्प्रवाह वाढत जातो. भरीव ओझ्याला तो १५० अँपिअरच्या घरात पोहोचतो, म्हणजे सुमारे १८०० वॅट शक्ती खर्ची पडते. वाहनाच्या इंजिनावरचे विद्युज्जनित्र मात्र साधारणतः चारशे-पाचशे वॅटच देऊ शकते. उरलेला सारा भार बॅटरीवर येतो, आणि मूळ वाहनासोबत येणारी बॅटरी वीस-पंचवीस अँपिअर-तासांची, केवळ इंजिन सुरू करण्यापुरती असते. एक मिनिट ओढ घेतली तर अडीच अँपिअर-तास खर्च होतात, व ते भरून येण्यास इंजिन पाच-सहा मिनिटे चालू ठेवावे लागते. या प्रमाणाकडे दुर्लक्ष करून कामगारांनी सलग ओढ घेतली, तर काही मिनिटांत बॅटरी बसते. आणि मग ओंडका खांबात, वाहन चिखलात आणि माणसे पुन्हा पाण्यात, अशी अवस्था होते.

यावरचा उपाय साधा आहे व तो आपल्या बाजारपेठेत मिळतो. ट्रॅक्टरला बसते तशी सुमारे १०० अँपिअर-तासांची स्वतंत्र बॅटरी विंचसाठी ठेवावी, आणि इंजिन सुरू करणारी बॅटरी तिच्यापासून खटक्याने अलग राखावी, म्हणजे ओढकामात काहीही झाले तरी वाहन परत येऊ शकेल. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करणे तिच्या आयुष्याला घातक असल्याने, आणि एवढ्या मोठ्या प्रवाहाला ती नोंदलेल्या क्षमतेहून कमीच देत असल्याने, तिच्यातून दहा-बारा मिनिटांचीच भरभक्कम ओढ हिशेबात धरावी. मिनिटाला दीड-दोन मीटर या गतीने तेवढ्यात तीन-चार मोठे ओंडके काठाशी येऊ शकतात. महावितरणला पूरग्रस्त भागाचा वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद ठेवावा लागतो, तेव्हा बॅटरी भरण्यासाठी भिंतीवरच्या खटक्याच्या भरवशावर राहता येत नाही; याकरिता दुसरी भरलेली बॅटरी राखीव आणि सौरपत्र्याची जोड, एवढी तजवीज हवीच.

तारेच्या जाडीत काटकसर करणे ही दुसरी ठरलेली चूक. बॅटरी ट्रॉलीत ठेवून ती पाच मीटर लांबीच्या तारेने विंचला जोडली, म्हणजे जाता-येता दहा मीटर तांबे झाले. ते १६ चौरस मिलिमीटरचे असेल तर १५० अँपिअरला सुमारे १.७ व्होल्ट तारेतच उष्णतेच्या रूपाने नष्ट होतात, म्हणजे बारातील सातवा हिस्सा. तेच तांबे ५० चौरस मिलिमीटरचे घेतले तर नुकसान ०.६ व्होल्टवर येते. निविदेत यंत्राचे नाव व किंमत यांबरोबर तारेची जाडी लिहिण्याचा आग्रह धरणारा अधिकारी या कामी सर्वांत उपयुक्त ठरेल.

शक्तीपाठोपाठ आधाराचा विचार येतो. साडेतीनशे किलोच्या वाहनाने अकराशे किलोची ओढ घेतली तर ओंडक्याऐवजी वाहनच नदीकडे सरकेल, हे पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक ज्ञानावरूनही उमगते. वाहन काठावरच्या जिवंत झाडाला किंवा जमिनीत पक्क्या गाडलेल्या खुंटाला मागून साखळीने बांधणे, दोर कप्पीतून फिरवून तोच जोर दुप्पट करणे व वेग निम्मा पत्करणे, ड्रमवर दोराचे जेवढे थर चढतील तेवढी ओढ कमी होते हे ध्यानी ठेवून दोर पुरेसा लांब सोडणे, ताणलेल्या दोरावर ओले पोते टाकणे आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू न देणे, ही सारी शिस्त यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. बंधाऱ्याच्या खांबाला दोर बांधावयाचा तर अभियंत्याच्या लेखी परवानगीनेच. ज्या वास्तूच्या रक्षणार्थ खटाटोप करावयाचा तिलाच इजा होता कामा नये.

बाहेर आलेल्या लाकडाचाही बंदोबस्त आधीच ठरलेला बरा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ४५ व्या कलमान्वये वाहून आलेले, काठाला लागलेले वा बुडालेले इमारती लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत शासनाचे समजले जाते, व दावेदारांना हक्क सांगण्यासाठी जाहीर नोटिशीने किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. याचा अर्थ वनखात्याचा एक कर्मचारी या कामी सोबत हवा, आणि काठावर साठवणुकीची जागा तहसील दप्तरी नोंदलेली हवी. अन्यथा ओंडका काढणाऱ्यावरच चोरीचा आळ येईल, किंवा त्या भीतीने तो काढलाच जाणार नाही.

ही सर्व साधने आपल्याला परदेशातून आणावी लागत नाहीत. ज्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिने घडली, ज्या शिरोली व गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आज देशभरच्या वाहनांसाठी ओतकाम होते, तेथे खुंट, कप्पी, आकडे आणि विंच धरणारी चौकट बनविणे हे क्षुल्लक काम आहे. एटीव्ही महाग वाटत असेल तर उसाच्या सऱ्यांतून फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरवर हाच संच बसविता येईल. मात्र विजेचे व आधाराचे नियम त्यालाही तेच लागू राहतील. जलसंपदा विभागाने वाहन व बॅटऱ्या द्याव्यात, शिरोळच्या श्री दत्त कारखान्यासारख्या सहकारी संस्थांनी देखभालीचा भार उचलावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने प्रत्येक बंधाऱ्यामागे चार माणसे तयार करावीत, असा त्रिपक्षी करार करण्यात कोणतीही कायदेशीर अडचण दिसत नाही.

ज्या भूमीत राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचा पाया घालून पाण्याच्या बंदोबस्ताला राज्यकर्तव्य मानले, त्या भूमीत बंधाऱ्यावर काम करणाऱ्या मजुराच्या जिवाचा बंदोबस्त हा उपकार ठरू नये. त्याच्या हातातील दोर काढून घेऊन त्याच्या हाती विंचचा खटका द्यावयाचा असेल, तर त्या खटक्यामागे पुरेशी वीज, जाड तार, भक्कम खुंट आणि शिकलेली बुद्धी उभी आहे याची हमी त्याला देणे, हे त्याला कामावर पाठविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. पुढील पावसाळ्यापूर्वी बर्गे काढण्याचे हुकूम निघतील, तेव्हा त्याच हुकुमाच्या खाली या तजविजीचीही नोंद व्हावी, आणि ती करणाऱ्याचे नाव व स्वाक्षरी तिच्यापुढे असावी.